वली पर्वत

उर्दूत वली म्हणजे अल्लाहचा जवळचा माणूस. ज्याच्या मजारीवर चादर चढते, उरूस भरतो, तो. मराठी भूगोलाच्या पुस्तकात वली म्हणजे घडी, सुरकुती. हे दोन शब्द एका वर्गात समोरासमोर आले तेव्हा फळ्याजवळ मी उभा होतो.

मी खरं तर भाषेचा शिक्षक. बी.एड.ला माझ्या दोन अध्यापन पद्धती होत्या, उर्दू आणि मराठी. पण गावाकडच्या शाळेत नोकरी केलेल्याला सांगायला नको, तिथे रिकामा तास आणि मोकळा शिक्षक यांची गाठ बरोबर घातली जाते. भूगोलाचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि नववीचा भूगोल माझ्याकडे आला. "एक-दोन वर्षांचंच काम आहे," असं मला सांगितलं होतं. मी अकरा वर्षं तो शिकवला.

त्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वली पर्वत'. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, कोणते वली?" तिची नानी दरवर्षी कल्याणजवळ हाजी मलंगला जायची, डोंगर चढून. तिच्या हिशेबाने प्रत्येक डोंगरावर कोणी ना कोणी असतंच, मग पुस्तकाने नाव का दिलं नाही? वर्ग हसला, मीही हसलो. पण तिचं फार चुकलं होतं असंही नाही. शिवनेरीवर शिवाई आहे आणि कमानी मशीदही आहे, लेण्याद्रीवर गणपती, हरिश्चंद्रगडावर महादेव. आमच्या भागात डोंगर रिकामा सोडायची पद्धत नाही.

मग मी हॉलमधली सतरंजी मागवली. तिचं एक टोक भिंतीला लावलं आणि दुसऱ्या टोकाकडून दोन पोरांना ती ढकलायला सांगितली. सतरंजीला वळ्या पडल्या, मधली वळी गुडघ्याएवढी उभी राहिली. "वली म्हणजे ही वळी," मी म्हणालो. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. ते अगदी सावकाश सरकतात. दोन भूपट्ट एकमेकांवर आले की मधली जमीन अशी वर उचलली जाते. भारताचा पट्ट आशियाला जाऊन धडकला आणि हिमालय झाला. मुलं खूश, मी खूश. त्या सतरंजीचा मला आजही अभिमान आहे.

तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील विहिरी खोदायच्या यारीवर कामाला होते, आणि सुट्टीत तोही त्यांच्याबरोबर जायचा. खिडकीतून लांबवर आणे पठाराची कड दिसत होती. तिकडे बोट करून तो म्हणाला, "सर, तो पण असाच झाला?"

मी म्हणालो, "हो. सगळे डोंगर असेच."

"पण सर, विहिरीत थर आडवे असतात. एकावर एक. ढकललं असतं तर वाकडे नको का?"

आता प्रामाणिकपणे लिहितो. त्या क्षणी मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे चाळीस मुलांसमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. "पुस्तकात आहे तेवढं लिही, जास्त डोकं चालवू नको," असं मी म्हणालो. वाक्य मला शब्दश: आठवतं, कारण असलं वाक्य मी शिकत असताना एका मास्तरांनी मला ऐकवलं होतं आणि मी ठरवलं होतं की आपण कधी असं बोलायचं नाही.

घटक चाचणीत मीच प्रश्न काढला होता: तुमच्या परिसरातील डोंगरांची निर्मिती कशी झाली ते लिहा. तीन गुण. त्या मुलाने दोन ओळी लिहिल्या होत्या. आमच्या डोंगराचे थर विहिरीत आडवे दिसतात म्हणून तो ढकलून झालेला नाही. कसा झाला ते मला माहीत नाही. मी लाल पेनाने फुली मारली आणि शून्य दिला. बाकीच्या पोरांनी माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, त्यांना तीनपैकी तीन.

पुस्तकाचा यात काही दोष नव्हता. हिमालय एका धड्यात होता, दख्खनचं पठार दुसऱ्या धड्यात, आणि दुसऱ्या धड्यात स्वच्छ लिहिलं होतं की आपला प्रदेश लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. मी दोन्ही धडे शिकवत होतो. फक्त ते एकाच जमिनीबद्दल आहेत हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. भाषेचा माणूस असाच फसतो. 'बेसाल्ट' हा शब्द मी मुलांकडून पाठ करून घेतला आणि रोज ज्या काळ्या दगडाच्या पायरीवर चप्पल काढतो तोच बेसाल्ट, हे कधी मनात आलं नाही.

डोकं ताळ्यावर आलं ते २०२० साली. शाळा बंद, मोबाईलवर तास घ्यायचे. समोर मुलं नसली की माणूस स्वतःचंच बोलणं ऐकतो. 'आपल्या परिसरात' असं म्हणालो आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. मग वाचायला बसलो. बंदी उठल्यावर मोटरसायकल काढून माळशेज घाटात गेलो, नाणेघाटात गेलो. आयुष्यात पन्नास वेळा पाहिलेले कडे पहिल्यांदा नीट बघितले. पट्टे आडवे. एकावर एक भाकरीची चळत ठेवावी तसे. रस्त्यासाठी डोंगर जिथे कापलाय तिथे दोन काळ्या थरांच्या मधे गेरूसारखी लाल रेघ, तीही आडवी. कुठे वळी नाही, घडी नाही. सतरंजी भिंतीपर्यंत सरळ पसरलेली.

तर आमच्या डोंगरांची गोष्ट अशी आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा पट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे त्या भागावर. खाली पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा एक लोट वर येत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस वाहू लागला. चित्रात असतो तसा शंकूसारखा डोंगर, त्याच्या तोंडातून धूर, असा प्रकार इथे कमीच. भेगेतून निघून दूध उतू जावं तसा तो पसरत गेला. एक थर थंड झाला, त्यावर पाऊस-वारा लागून माती झाली, मग पुढचा लोंढा आला आणि ती माती भाजून लाल झाली. ती लाल रेघ म्हणजे दोन लोंढ्यांमधली फुरसत. असे किती तरी लोंढे, काही लाख वर्षं. आज उरलेलं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटर भरतं, आणि सह्याद्रीच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. भूशास्त्रज्ञ याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा असं मी मुलांना सांगत होतो, तेही चूक. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. घाटातून कडा बघा, पायऱ्याच दिसतात. निदान शब्दाच्या बाबतीत तरी मी चुकायला नको होतं.

मग सपाट पसरलेल्या या भाकऱ्यांचा डोंगर कसा झाला? भारत पुढे सरकत असताना त्याच्या पश्चिम कडेचा तुकडा तुटून मागे राहिला. त्यातले उंचवटे आज सेशेल्सची बेटं म्हणून समुद्राबाहेर दिसतात. तुटलेली कड उचलली गेली, आणि कोकणाच्या बाजूने नद्या-पावसाने तिला कोरत कोरत मागे ढकललं. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली बघताना पोटात गोळा येतो, ती ही तुटलेली कड. वरचा सगळा प्रदेश पूर्वेला कलता आहे. म्हणून आमची कुकडी अरबी समुद्राच्या एवढ्या जवळ, चावंडच्या बाजूला कुकडेश्वरापाशी उगम पावते आणि त्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. घोड, भीमा, कृष्णा असं करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. जे शिल्लक राहिलं ते डोंगर, जे वाहून गेलं त्या दऱ्या. आणि थर झिजून जी माती झाली ती आमची काळी जमीन, जिच्यात निमगाव सावाचा कांदा आणि ऊस पिकतो.

ही झीज काही फक्त पुराणकाळातली नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्या आठवड्यात मी वर्गात 'विदारण' हा धडा घेऊ शकलो नाही.

हिमालयाची टक्कर सुरू झाली साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आमचा दगड वयाने त्याच्यापेक्षा मोठा. हे कळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं. जणू आणे पठार माझ्या वाडवडिलांनीच बांधलं होतं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, टक्कर तिकडे हिमालयात, आपला काही संबंध नाही. मीही असंच समजलो होतो. पण आमच्या निमगाव सावापासून जवळच, कुकडीच्या काठावर बोरी बुद्रुक आहे. नातेवाइकांच्या लग्नाला, बाजाराला त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. तिथे नदीच्या काठाच्या मातीत राखेचा एक थर आहे, आणि ती राख कोणाच्या चुलीतली नाही. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी तिच्यावर काम सुरू केलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती राख म्हणजे काचेचे बारीक तुकडे निघाले, ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले. त्या काचेतली रसायनं जुळली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी. इथून तीन हजार किलोमीटरहून जास्त लांब.

मी एका रविवारी गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याने ओघळ दाखवला. "लई शिकलेली लोकं येत्यात हे बघायला, तुम्ही कशाला आलात?" असं म्हणाला. बोचरं होतं, पण त्याच्या मनात काही नव्हतं. पांढरट-राखाडी रंग. चिमूटभर घेऊन बोटांत चोळली तर भांडी घासायच्या पावडरीसारखी करकरली. उन्हं उतरली तसं तोच म्हणाला, "निघा आता, उसात बिबट्या आहे." जुन्नर तालुक्यात भूगोलाचा तास असा बिबट्या संपवतो.

आता ही राख आणि हिमालय यांचा संबंध काय ते सांगतो, कारण हे समजायला मला महिना लागला. भारताचा पट्ट म्हणजे फक्त आपला नकाशा नव्हे. त्यात हिंदी महासागराचा तळही येतो, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या पट्टाला जोडून आहे. हा सगळा पसारा उत्तर-ईशान्येला सरकतोय. वर उत्तरेला त्याची जमीन आशियाच्या जमिनीला भिडली. जमिनीचा खडक हलका, तो खाली जायला तयार होत नाही, हाही नाही आणि तोही नाही. मग दोन्हींची घडी पडते, थरावर थर चढतो आणि डोंगर उंच होतो. माझी सतरंजी. पण खाली आग्नेयेला सुमात्रापाशी भिडतो तो समुद्राचा तळ. तो खडक जड आणि ओला. तो मुकाट्याने समोरच्या पट्टाखाली उतरतो. खोल गेला की त्याच्यातलं पाणी सुटतं, वरचा तापलेला खडक त्या पाण्याने वितळू लागतो, आणि वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. तिथेही डोंगरच तयार होतात, पण आगीचे. टक्कर तीच, फक्त भिडणारा वेगळा.

टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. तिथे आज शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, स्फोटानंतर जमीन खचून झालेला खड्डा. त्याची राख वाऱ्यावर आली, भारतभर पडली आणि कुकडीने ती आपल्या काठाला साठवून ठेवली. बारामती तालुक्यात मोरगावला कऱ्हेच्या काठीही ती सापडली आहे. बोरीच्या राखेवर विद्वानांचं भांडण मात्र आहे. एक पक्ष म्हणतो ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या या स्फोटाची. दुसरा म्हणतो ती टोबाच्याच फार जुन्या, सात-आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची असावी, कारण तिथे आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळतात आणि त्या घडणीची हत्यारं त्या काळाला जास्त शोभतात. मला या भांडणाचं कौतुक वाटतं. एवढे मोठे लोक एका ओघळासाठी चाळीस वर्षं भांडतात, पुरावा आला की मत बदलतात. आणि मी तीन गुणांच्या प्रश्नात मागे हटायला तयार नव्हतो.

त्याच सुमात्राच्या किनाऱ्याजवळ २६ डिसेंबर २००४ ला समुद्रतळ हलला आणि त्सुनामी आली. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. तामिळनाडूचे किनारे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. ती हीच कड.

हिमालयाच्या टक्करीचा पुरावा मला त्याहून जवळ मिळाला. माझ्याबरोबर मराठी शिकवणाऱ्या मित्राच्या देवघरात शाळिग्राम आहे. त्याच्या आजोबांनी नेपाळातून, गंडकी नदीतून आणलेला. काळा गुळगुळीत दगड, आत चक्रासारखी खूण. त्या चक्राला विज्ञान अमोनाइट म्हणतं. समुद्रात राहणारा, गोगलगाईसारखं शंख-कवच असणारा प्राणी, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेला. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारत पुढे आला, समुद्र आटत गेला आणि त्याचा गाळ दोन जमिनींच्या चिमटीत सापडून वर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रात तयार झालेला आहे. मित्राच्या आईला मी हे भीत भीत सांगितलं, म्हटलं वाईट वाटून घेऊ नका. त्या म्हणाल्या, "अरे, देव समुद्रातच तर झोपतो." मी गप्प बसलो. त्यांनी मला चहा दिला.

माझ्या घरी असाच प्रसंग वेगळ्या बाजूने झाला. अब्बांना मी म्हणालो की डोंगर सरकतात. ते अंगणात बाजेवर बसले होते. म्हणाले, "पहाडां तो मेखां हैं रे जमीन की. मेख कभी चलती क्या?" कुरआनात डोंगरांना मेखांची उपमा आहे हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. मग मी त्यांना आठवण करून दिली की कुरआनातच दुसऱ्या ठिकाणी, स्थिर वाटणारे डोंगर ढगांसारखे निघून जातील असंही येतं. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ते कयामतच्या दिवसाचं आहे, तुझ्या शाळेच्या पुस्तकाचं नव्हे. त्यांचं बरोबर होतं. मीच वाद जिंकायला आयत ओढून आणली होती. जुम्याच्या नमाजानंतर कधी कधी पत्रकं वाटली जातात, सगळं विज्ञान आमच्या किताबात आधीच होतं म्हणून. मला ती आवडत नाहीत. विज्ञान उद्या आपलं म्हणणं बदलेल, बोरीच्या राखेचं वय बदलतं तसं. त्याच्या खुंटीला ईमान टांगलं तर खुंटी निघाली की काय करणार? आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली खंडं सरकतात असं सांगितलं तेव्हा भूशास्त्रज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. तो हवामानाचा माणूस, त्याला दगडातलं काय कळतं, असा सूर होता. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात गेला. समुद्राच्या तळाचे नकाशे झाल्यावर, १९६० च्या दशकात, सगळ्यांनी मान्य केलं. दुसऱ्या विषयाचा माणूस म्हणून माझं त्याच्यावर जरा जास्तच प्रेम आहे.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. शिक्षकांच्या खोलीत एका नवीन सहकाऱ्याने मला विचारलं होतं, "सर, तुमचं मूळ कुठलं?" मी म्हणालो, निमगाव सावा. "ते हो, पण त्याच्या आधीचं?" वाईट हेतूने नाही, असं बऱ्याच वेळा विचारलं जातं आणि आपल्या वाचकांना ते नवीन नाही. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता आहे. आपण दोघं ज्या खडकावर बसून चहा पितोय तो विषुववृत्ताच्या पलीकडून आलाय, आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांच्या एकत्र कुटुंबातून वाटणी घेऊन. त्या कुटुंबाचं नाव गोंडवन, आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून ठेवलेलं. अजून त्यांना सांगायचं राहिलं आहे. त्यांची बदली झाली.

पट्ट अजून थांबलेला नाही. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, म्हणजे जन्मापासून मी, आमचं घर, मशीद, मारुतीचं देऊळ आणि बसस्टँड असे सगळे मिळून दोन मीटरांहून जास्त ईशान्येला गेलो आहोत. पुढे आशिया वाट अडवून उभा आहे, त्यामुळे पाठीमागच्या सगळ्या खडकात ताण साठत राहतो. किल्लारी हे त्याचंच फळ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली, लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली आठ-दहा हजार माणसं गेली. मी चौदा वर्षांचा होतो. आम्ही पोरांनी गावात डबा फिरवून पैसे गोळा केले. दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाची भीती नाही, असं तोवर आमचे मास्तरही सांगायचे. अम्मीने त्यानंतर कित्येक महिने आम्हांला भिंतीपासून लांब झोपवलं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाटणीच्या दीड एकरातली विहीर आटली. सहा परस होती, अजून दोन परस खाली न्यायची ठरली. भावाने यारीवाल्यांना बोलावलं. सकाळी जाऊन बघतो तर यारी चालवणारा तोच. दाढी आलेली, खांदे भरलेले. "सर, ओळखलं का?" म्हणाला. दहावीनंतर शाळा सोडली, वडिलांची पाठ गेली, आता यारी त्याची स्वतःची आहे, अर्धं कर्ज फिटलंय.

मी ओळखलं होतं, आणि पोटात काही तरी हललं. दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना मी विषय काढला. त्याला आधी आठवेनाच. मग म्हणाला, "हां, ते थरांचं? मला शून्य मिळाला होता."

"तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "माझं चूक होतं. आणि मला माहीत नव्हतं हे मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

तो भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही, हसलाही नाही. आपल्या मास्तराने असं म्हणावं याची त्याला सवय नसावी. थोड्या वेळाने म्हणाला, "चला, दाखवतो."

दोराची शिडी धरून मी खाली उतरलो. या वयात नको होतं, पण उतरलो. वरची काळी माती संपली, मुरूम संपला, मग कातळ लागला. दोन परसांवर गारगोट्यांनी भरलेला थर, बॅटरी मारली तर चमकला. "ह्यात आधी हवेचे फुगे असणार," तो म्हणाला, "नंतर भरलेत. वडील याला सच्छिद्र म्हणायचे नाहीत, पण त्यांना माहीत होतं." पुढे घट्ट काळा दगड. त्याच्या खाली लाल पट्टा, वीतभर, अगदी सरळ. त्या सांध्यातून पाणी पाझरत होतं, भिंतीवर ओल दिसत होती. त्याने ओल्या जागी हात ठेवला. "आमचं सगळं पोट ह्या सांध्यावर आहे सर. वाकडे थर असते तर पाणी कुठे शोधायचं, कळलंच नसतं."

मी त्याला सांगितलं, लाल म्हणजे दोन लोंढ्यांमधली माती, वरच्या लोंढ्याने भाजलेली. सहा कोटी साठ लाख वर्षं. समुद्रापलीकडची. त्याने लाल मातीचं ढेकूळ काढून अंगठ्याने चुरडलं, वास घेतला.

"आणि ते धडकायचं? ते थांबलं का?"

"नाही. चालू आहे. वर्षाला पाच सेंटिमीटर."

त्याने अंगठा आणि तर्जनी ताणून अंतर केलं, जरा कमी केलं. "एवढं?"

"एवढंच."

तो हिशेब करत असावा, ओठ हलत होते. वरून त्याच्या माणसाने हाक मारली. सुरुंगाची भोकं भरून झाली होती.

"सर, चला वर," तो म्हणाला. "आणि लिंबाच्या पलीकडे जाऊन बसा. दगड लांब उडतात."